एन्कोर म्हणजे वन्समोअर

नववीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘एन्कोर’ शब्द आला की मी फळ्यावर अर्थ लिहून द्यायचे: गाणं आवडल्यावर ते पुन्हा म्हणावं असा प्रेक्षकांनी धरलेला आग्रह. लगेच मुलं एका सुरात, “बाई, म्हणजे वन्समोअर!” इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या इंग्रजी शब्दाने सांगून आम्ही पुढे सरकायचो. वाक्यात उपयोग करा म्हटलं की निम्मा वर्ग माझ्याच नवऱ्यावर वाक्यं करायचा.

हे रत्नागिरीत पोस्टात कारकून. पण माघातल्या उत्सवात पालीच्या आतल्या आमच्या गावी संगीत नाटक व्हायचं, त्यात ह्यांची पदं ऐकायला मुंबईकर रजा काढून यायचे. एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर. मला त्या शब्दाचा अगदी वीट आला होता. नाटक उजाडेपर्यंत लांबायचं आणि मी सकाळची एसटी पकडून तशीच पेंगत शाळेत. “लोकांना झोप नाही आणि तुम्हाला दम नाही,” असं मी करवादायचे. हे नुसते हसायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी ह्यांच्या गळ्याला गाठ आली. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो पुरता परत आलाच नाही. वरच्या सुराला गेलं की नुसती हवा. वर्षभर घरात पेटी उघडली नाही. मी शाळा, स्वयंपाक, ह्यांची औषधं करत राहिले आणि घरातल्या त्या शांततेने जास्त दमले.

पुढच्या उत्सवाला गावचे लोक आले. नाटक नको, संध्याकाळच्या आरतीनंतर दोन पदं तरी म्हणा. मी नको म्हटलं. “बघतो तर खरा,” हे म्हणाले. “लोकांनी वन्समोअर दिला, तर पुढच्या वर्षी गाईन. नायतर बास.”

देवळाच्या मंडपात मी बायकांमध्ये बसले होते. खालच्या सुरांत ठीक चाललं होतं, वर चढताना मात्र दोनदा आवाज फाटला. पद संपलं. टाळ्या पडल्या, भिडेखातर वाजवतात तशा. वन्समोअर आला की पहिल्या ओळीवर परतायचं, म्हणून पेटीवाल्याने सवयीने बोटं तिथेच ठेवली होती. हेही समोर बघत उभे. कोणी काही म्हणेना. मला ते बघवेना. जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली मी ओरडले, “वन्समोअर!”

बायका वळून बघायला लागल्या. मागून दोघातिघांनी माझी री ओढली. ह्यांनी हात जोडले, पेटीवाल्याला मानेनेच नाही म्हटलं आणि दुसरं पद न म्हणताच खाली उतरले.

पाखाडीच्या पायऱ्या उतरून घराकडे जाताना शेवटी मीच विचारलं, “रागावलात?”

“छे गो! रागवायचं काय त्यात?” हे म्हणाले. “गाणं चांगलं होतं तेव्हा तू कधी मागितलं नाहीस. आज मागितलंस, तेव्हाच कळलं मला, संपलं म्हणून.”