भुऱ्या, चांद्या आणि हिंमतभाऊ

प्रिय ईशा आणि निनाद,

तुम्ही दोघं मराठी वाचता, पण सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहिते आहे. हिंमतभाऊंना जाऊन आज पाच आठवडे झाले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. आवाज मात्र एकदा ऐकला आहे. फोनवर मागून कुणीतरी बैल हाकल्यासारखं ओरडलं, तेव्हा निनादने विचारलं होतं, “आजी, घरात बैल आहे का?” मी म्हटलं होतं, टीव्ही आहे. ते खोटं होतं. ते हिंमतभाऊ होते. हे पत्र त्यांच्यावर आहे, पण त्यात माझ्याबद्दलची एक गोष्ट येते, जी मी तीन वर्षं तुमच्यापासून लपवली. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढे शोधत बसणार नाही. मला पार्किन्सन आहे. डावा हात थरथरतो, चाल मंदावली आहे आणि कधीकधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन मी वाटेतच उभी राहते. डोकं शाबूत आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्हाला माझा डावा हात कधी दिसत नाही, कारण मी त्याच्यावर बसलेली असते.

का लपवलं? तुमच्या बाबांना कळलं असतं तर ते मिळेल त्या विमानाने आले असते, घराला कुलूप लावलं असतं आणि मला तिकडे नेलं असतं. मग मी तुमच्या सोफ्यावर बसून खिडकीतून बर्फ बघत राहिले असते. मला शहाद्यात राहायचं होतं. एवढंच.

हिंमतभाऊ भेटले ते सुरतेला, डॉक्टरांच्या दवाखान्यात. मी पदराखाली हात दाबून, पाठ ताठ ठेवून, इंग्रजी मासिक वाचत बसले होते. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी आणि त्यांची बायको मंजुळाबाई. थोड्या वेळाने ते गृहस्थ माझ्याकडे वाकून म्हणाले, “मॅडम, दपाडू नका. पुस्तक हाली ऱ्हायनं.” दपाडू नका म्हणजे लपवू नका. मी पाहिलं, तर मासिक खरंच पंख्यासारखं हलत होतं. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला. तोही हलत होता. “मन्हाबी तसाच शे,” ते इतक्या आनंदाने म्हणाले, की जणू दूरचे सोयरे निघालो. गाव विचारलं तर लोणखेडा! माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर... आणि ओळख व्हायला आम्ही दोघं गुजरातपर्यंत गेलो होतो.

त्यांनीच पार्किन्सन असलेल्यांची मंगळवारची बैठक सुरू केली, तीही मला न विचारता, माझ्याच पुढच्या खोलीत. पुरुषोत्तमनगरहून साखर कारखान्यातले निवृत्त अण्णा येऊ लागले, तळोद्याकडचे आणखी दोघं-तिघं. मी रीतसर वही केली. गोळी घड्याळ बघून घ्यायची, जेवणाआधी अर्धा तास. डाळ आणि शेंगदाणे गोळीच्या वेळेला नकोत. कुणाची गोळी कुणी घ्यायची नाही, कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच. हिंमतभाऊ सगळं मान डोलावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “मॅडमनं परीक्षापुरतं सांगं. आते मी कामनं सांगस.” कामाचं म्हणजे हे: अंगरख्याला बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावायची, खुर्चीतून उठताना आधी नाक गुडघ्याच्या पुढे न्यायचं, आवाज बारीक होतो म्हणून रोज दहा मिनिटं नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलायचं. त्या दहा मिनिटांत समोरच्या कुलकर्णीबाई दोनदा भांडण सोडवायला धावत आल्या.

आणि पाय अडले तर? त्यावर त्यांचा उपाय स्वतःचा होता. ट्रॅक्टर घेताना त्यांनी बैलजोडी विकली होती. भुऱ्या आळशी, चांद्या गुणी. डावा पाय त्यांनी भुऱ्या ठरवला, उजवा चांद्या. उंबऱ्याशी पाय चिकटले की ते ओरडत, “हाऽऽ भुऱ्या! चाल रे!” आणि भुऱ्या चालायचा. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, तालाची किंवा हाकेची मदत होते कित्येकांना, चालू द्या. मी मात्र “लेफ्ट, राइट” म्हणत असे. शिस्त म्हणून.

जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर त्या ओलांडताना पाऊल सुटतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं. एका सकाळी चुना आणि दोरी घेऊन आले आणि माझ्या फाटकापासून दारापर्यंत अकरा पांढऱ्या रेघा मारून गेले. मंजुळाबाईंनी शेतातली लिंबं पाठवली होती, ती पिशवी दाराशी ठेवताना कलंडली. मी आत होते. दुधवाला आला तेव्हा त्याला दिसल्या त्या पांढऱ्या रेघा आणि त्यांवर पसरलेली लिंबं. त्याने आठ दिवस दूध फाटकाला टांगलं. तीस वर्षं शाळेत मी मुलांना करणी-भानामती खोटी असते हे शिकवलं, आणि माझ्याच गल्लीतले लोक माझ्या घरावरून जाताना पलीकडच्या कडेने चालू लागले! हिंमतभाऊंना सांगितलं, तर म्हणाले, “बरं व्हयनं. चोर येवाव नही.”

मग लोणखेड्यातलं ते लग्न. मांडवाच्या कमानीखाली, आहेराचं पाकीट हातात आणि मागे पाहुण्यांची रांग, अशी मी गच्च उभी राहिले. लेफ्ट म्हटलं, राइट म्हटलं... पाय ऐकेनात. मागून कुणी विचारलं, “मॅडम, काही इसरनात का?” आणि त्याच क्षणी रांगेच्या टोकाहून आवाज आला, “हाऽऽ भुऱ्या! हाल तठून! चाल!” माझा डावा पाय उचलला गेला. मी चालले. पण वधूच्या काकांनी हिंमतभाऊंची बंडी धरली. गावच्या माजी मुख्याध्यापिकेला हा माणूस भर मांडवात बैलासारखा हाकतो! दोघं-तिघं पुढे सरसावले. हिंमतभाऊंचा तोल जायला लागला. मला ओरडावं लागलं, नदीपलीकडच्या माणसाला ओरडावं तसं: “सोडा त्यांना! ते मला नाही, माझ्या पायाला म्हणाले! मला पार्किन्सन आहे!” बँड नेमका तेव्हाच थांबला होता. सगळ्या मांडवाला कळलं. काकांनी बंडी सोडली, नीट झटकून दिली आणि आम्हा दोघांना पहिल्या पंगतीला बसवलं.

जेवताना हिंमतभाऊ म्हणाले, “चारशे मानसेस्ले सांगं. अमेरिकामा चार जन शेतस, त्यास्ले सांगता येत नही?” मी म्हटलं, दिवाळीला सांगते. दिवाळी गेली. ते दर मंगळवारी फक्त भुवया वर करून विचारायचे आणि मी वही उघडून बसायची. एकदा मात्र चिडले. “तुम्हना पोऱ्या तुमले लई जाई, हाई भ्याव शे ना? मंग त्याले कळी तव्हय तुम्ही पडेल सापडशात. तव्हय काय इचारी तुमले? उचली लई जाई.” म्हणजे मी पडल्यावरच त्याला कळलं, तर मग तो मला विचारणारही नाही. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. मी भेटायला गेले तेव्हा आवाज अगदी तळाशी गेला होता. मी म्हटलं, “मोठ्याने बोला, हिंमतभाऊ. नियम तुमचाच आहे.” त्यांना हसू आलं, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, “पोरेस्ले... सांगं का?”

“सांगते.”

“कव्हय?”

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले. दोन दिवसांनी मंजुळाबाईंच्या पुतण्याचा निरोप आला.

परवा सकाळी मी तुमच्या बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या गोळ्यांची नावं विचारून लिहून घेतली. मग म्हणाले, “आई, मी येतो.” मी म्हटलं, ये, पण मंगळवारी पोच, बैठकीत बस, अण्णांशी बोल, डॉक्टरांना भेट, आणि मग माझ्या राहण्याबद्दल माझ्यासमोर बोल. ते म्हणाले, “बरं.” ते खरंच बरं म्हणाले की नुसतं म्हणाले, हे आल्यावर कळेल. पण निर्णयाच्या वेळी मी खोलीत असेन, आणि माझ्या पायांवर उभी असेन.

एक गोष्ट सांगायची राहिली. रोज सकाळी साडेसातला हिंमतभाऊ बैठकीतल्या प्रत्येकाला फोन करायचे. हालहवाल नाही, नमस्कार नाही, एकच प्रश्न. ते गेल्यावर तेराव्यापर्यंत फोन बंद होता. चौदाव्या दिवशी साडेसातला वाजला. स्क्रीनवर त्यांचंच नाव होतं, आवाज मंजुळाबाईंचा.

“मॅडम, गोळी लिधी का?”

मी म्हटलं, घेतली. त्यांनी फोन ठेवला, पुढचा लावायचा होता. तेव्हापासून तो रोज येतो.