गोठ्यातलं घड्याळ

एक समई चिंच लावून घासून झाली होती, दुसरी तशीच काळी माझ्या हातात होती, तेवढ्यात मागच्या दाराशी बनूबाई येऊन बसली. कपाळ फुटलेले, रक्त डोळ्यावरून हनुवटीपर्यंत आलेले. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

मोरिवलीची बनूबाई आमच्याकडे दूध घालते. तिचा नवरा सदू याने एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला होता. चिखलोलीच्या रानात डुकराने साहेबाची मांडी फाडली. सदूने डुकराला कोयत्याने तोडले आणि साहेबाला खांद्यावर घालून स्टेशनापर्यंत आणले. सत्तेचाळीस साली विलायतेला निघताना साहेबाने आपले खिशातले घड्याळ त्याला दिले. गावाला वाटले होते, निदान म्हैस तरी मिळेल. चांदी काळी पडलेली, झाकण मिटलेले, लोक हसले, "डुकराच्या बदल्यात चुन्याची डबी." पुढे हे नोकरीला आहेत त्याच कारखान्यात भट्टी फुटून सदू गेला. जे उरले ते तिला पोत्यात बांधून दिले. डबी गोठ्यात खुंटीला होती ती तिथेच राहिली. धार काढून झाली की बनूबाई हात पुसून तिला चावी देई. वेळ तिला वाचता येत नाही. "तो द्यायचा, म्हणून मी देते," एवढेच सांगे.

परवा सत्यनारायणासाठी दूध सांगायला आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. ह्यांनी ती डबी सहज हातात घेतली, नखाने मागचे झाकण उघडले आणि ती उजेडात धरली. मीही वाकून पाहिले. इवलेसे चाक मागेपुढे डोलत होते, मध्ये डाळिंबाच्या दाण्यासारखे खडे, आणि जिथे कुणाची नजर जायची नाही त्या पट्टीवरसुद्धा बारीक वेलबुट्टी. देव तिथेही पाहतो, हे ठाऊक असलेल्याने ती कोरली असावी.

"बनूबाई, असं घड्याळ आमच्या मोठ्या साहेबांकडेही नाही. जपा," हे म्हणाले. तिचा दीर आनंदा तिथेच गवत तोडत होता. इतकी वर्षे त्याच खुंटीला तो टोपी अडकवीत आला होता.

"आज सकालीच आला," बनूबाई सांगू लागली. "म्हने, भावाचं हाय, मना दे. मी म्हटलं, भावाचं पोतं उचलाया कुठं व्हतास?"

त्यावर त्याने कोयत्याची मूठ तिच्या कपाळात घातली. ओढाओढीत घड्याळ दगडावर पडले, पुढचे झाकण उघडून काच फुटली. ती पाहिली आणि तिने म्हशीचा लोखंडी खुंटा उपटून त्याच्या कोपरावर हाणला. तो पडल्यावर गुडघ्यावर.

"हाड वाजलं. मग आनखी एक दिला."

आवाज अगदी रोजचा. माझ्या तोंडून रामनाम निघाले. हे आतून आले.

"जिवंत आहे ना तो?"

"शिव्या देतोय सायेब. म्हशीच्या पुढ्यात पडून."

"घड्याळ माझ्याकडं द्या. कारखान्याच्या तिजोरीत ठेवतो."

"नको. तुमी नुसतं चांगलं म्हटलं तं माझं कपाल फुटलं. तिजोरीत ठेवलं तं मुडदा पडल."

तिने मूठ उघडली. काचेचे तुकडे तळव्यात रुतले होते. घड्याळ तिने रक्ताच्या हातानेच कानाला लावले, आणि मग माझ्या. चालू होते.

"आधी डॉक्टरकडे चल," मी म्हटले. "तो उठला की परत येईल गं."

"येऊं दे. उघड्या काट्यांत धूल गेली तं हे बंद पडल, वैनी. मानूस काय, बरं होतं."

मी तिच्या कपाळात हळद दाबली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. बनूबाई घड्याळाला काच बसवायला उल्हासनगरच्या कॅम्पात गेली.