वासंतीचं पोलकं

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, तेवढ्यात वकिलीणबाईंनी माझ्या हातात धुण्याचं बोचकं दिलं. शाळेच्या सभागृहात. पाहुण्यांसमोर.

"आईला म्हणावं, पोलकं जपून धू. पोर घामानं भिजली हो नुसती!"

पोर म्हणजे त्यांची लेक वासंती. माझ्याच वर्गातली, नववीतली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. भाषणाला घातलेलं खणाचं पोलकं बदलून, चषक घेऊन फोटोला उभी होती. आमच्या वर्गाच्या बाई शेजारीच होत्या. मी घुटमळले तशा हसून म्हणाल्या, "घे की गं. नाहीतरी तुमचंच काम ते."

आम्ही परीट. काम आमचंच होतं. पण विषय होता 'श्रमाची प्रतिष्ठा'.

त्या भाषणातल्या ज्या वाक्यावर लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, ते वाक्य माझं होतं. मी निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या आईच्या हातांना घट्टे आहेत, म्हणून तुमचे कपडे पांढरे आहेत.' बाईंनी ते उचललं. 'माझ्या आईच्या' खोडून 'श्रमिकांच्या' केलं आणि वासंतीला दिलं. मला काय दिलं? पडद्यामागची जागा. माझं पाठांतर चांगलं, म्हणून वासंती अडली की पुढची ओळ मी सांगायची. हळू. परीक्षकांना कळता कामा नये इतकं हळू. दोन वर्षं मी हेच करत होते. त्या दिवशी ती चारदा अडली, चारही वेळा मी सांगितलं.

खरं सांगते, मला राग फार उशिरा आला. आधी आला तो हेवा. मान वर करून ती 'अध्यक्ष महोदय' म्हणायची ना, त्याचा हेवा. तिचं नाव पुकारलं की लोक सावरून बसायचे, त्याचा हेवा. माझं नाव हजेरीशिवाय कुणी घेत नव्हतं. बोचकं बगलेत मारून मी घरी आले.

घरी कुणी नव्हतं. बोचकं सोडलं. कोणतं कापड कुणाचं ते कळावं म्हणून आम्ही प्रत्येक घराच्या कपड्यावर बिब्ब्याची खूण करतो. वकिलांचे तीन ठिपके. ते तीन ठिपके मानेशी घेऊन मी पोलकं अंगात घातलं आणि भिंतीसमोर भाषण सुरू केलं. हातवारे वासंतीचेच.

आई ओलं धुणं घेऊन आत आली.

"काय करालीस?"

"भाषण."

"मग बोल की. व्हट हलत्यात नुसतं."

मी पुन्हा बोलले. आई चार पावलांवर होती. तिला काही ऐकू गेलं नाही. मी जोर लावला, तर गळ्यातून खरखर आली. तेव्हा कळलं. दोन वर्षं कुजबुजून माझा भाषणाचा आवाजच बसला होता.

मला वाटलं आई आता मारणार. तिनं पोलकं तेवढं उतरवलं. म्हणाली, "आवाज ह्यात असता, तर आपटताना कवाच भाईर पडला असता. उद्या घाटावर ये."

पंचगंगेच्या घाटावर आई गुडघाभर पाण्यात, मी वरच्या पायरीवर. ती कपडे आपटायची, मी भाषण म्हणायची. ऐकू आलं नाही की ती हात वर करायची. पहिले पंधरा दिवस तो हात खाली आलाच नाही. खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं. बाकीच्या बायका हसायच्या. "पोरगी पुढारी व्हायलीया की!" मी आठवडाभर गेलेच नाही. मग एक दिवस बघितलं, तर बाई वासंतीला गळ्यासाठी खडीसाखर देत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पायरीवर हजर. हेव्यानंच मला परत तिथं नेलं. जिद्द वगैरे शब्द मला नंतर मिळाले.

दिवाळी झाली. एका सकाळी आख्खं भाषण संपलं आणि आईचा हात एकदाही वर आला नव्हता.

जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच शाळेत होती. मी बाईंकडे गेले. "बाई, मला बी बोलायचं हाय."

"मग पडद्यामागं कोण उभं राहणार?"

बस्स, एवढंच. त्यांनी वरही बघितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी वासंतीनं तेच पोलकं घातलं होतं. आईनं धुतलेलं, मी इस्त्री केलेलं. अर्ध्यात ती अडली. नेमकी त्याच वाक्यावर. तिनं पडद्याकडे बघितलं. बाईंनी मला चिमटा काढला. "सांग!"

मी सांगितलं. घाटावरच्या आवाजात.

"माझ्या आईच्या हातांना घट्टे आहेत, म्हणून तुमचे कपडे पांढरे आहेत!"

मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मी थांबले नाही. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, बोलत बोलत पडद्याबाहेर आले आणि भाषण संपवूनच गप्प झाले. हे मी ठरवून केलं होतं. एकही टाळी वाजली नाही. परीक्षकांनी आमची शाळा बाद केली. मागच्या खोलीत बाईंनी माझ्या थोबाडीत मारली. वासंती रडत होती. तिला रडताना बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

वकिलीणबाई आल्या. वासंतीनं बदललेलं पोलकं माझ्या पायाशी फेकलं. "उचल. आणि आईला उद्या घरी पाठव."

मी हात मागं घेतले.

"धुणं घरी द्यायचं. शाळंत न्हाय."

पोलकं तिथंच पडलं. त्यांच्या घरचं धुणं तुटलं, त्यांच्या नात्यातल्या आणखी दोन घरांचंही तुटलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी घाटावर खाली मान घालून बसले होते. आईनं पाण्यातनं हात वर केला.

"का थांबलीस? ऐकू येत न्हाय."

मी उठून उभी राहिले.

पुढं मी पुष्कळ सभांतून बोलले. प्रत्येक सभेत माझ्याहून गोड गळ्याची एखादी असतेच, आणि मला तिचा हेवा वाटतो. वाटू दे. पण पडद्याआडून मी आता कुणालाही ओळ सांगणार नाही. माझे शब्द ज्याला हवे असतील, त्यानं माझं तोंडही बघावं.