खोटा कोण, व्हर्नियर की लेथ?

मंडळी, स्वस्तातला डिजिटल व्हर्नियर घेऊ नका, असं लिहिणार होतो. आता माझीच पंचाईत झालीय.

धातू कातायच्या घरच्या जुन्या लेथची हत्यार धरणारी स्लाइड किती सरकते ते दिसावं म्हणून आज सकाळी तो व्हर्नियर स्लाइडला बसवला. हँडलवरच्या आकड्यांप्रमाणं दहा मिलिमीटर सरकवलं. व्हर्नियर दाखवतोय नऊ पॉइंट आठ! पुन्हा केलं, तेच. म्हटलं, फसवलं दुकानदारानं. काढला आणि तडक उद्यमनगरात त्याचं दुकान गाठलं.

दुकानदार शांत. खोक्यातलं नवं बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं. "मापा की."

त्या बेअरिंगचं बाहेरचं माप बत्तीस मिलिमीटर असतंय, हे मलाबी ठाऊक हाय. व्हर्नियरवर आलं बरोब्बर बत्तीस.

"पावणं," तो म्हणाला, "आता लेथ घिऊन या."

पण बेअरिंगबी त्याच्याच दुकानातलं की! कुणाकडं दुसऱ्या दुकानातलं नवं बेअरिंग हाय का?

विचारतोय कारण, त्याच हँडलच्या भरवशावर मी निम्म्या गल्लीला पाण्याच्या मोटारींच्या दांड्यावर बसणारे बुश कातून दिलेत. एकजणबी परत आला न्हाय, म्हणून काम चोख झालं असं समजत होतो.