आकडे आतल्या बाजूला

टायरवर तळहाताने थापा मारायच्या आणि कलिंगड पारखावं तसा कान लावायचा, ही त्याची सवय. मग म्हणायचा, "बनावट पाहा भाऊ, साल नोका पाहू."

अनसिंगला त्याचं टायरचं दुकान होतं. असा गोड बोलणारा दुकानदार तुमच्याही गावात असेल. मी सोयाबीनची खरेदी-विक्री करून वर आलेला माणूस. भावासाठी अख्खा बाजार डोक्यावर घेतो. त्याच्याशीही भांडायचो. पण मालाबद्दलचा त्याचा शब्द कधी तपासला नाही. भाव माझा, पारख त्याची, असंच आमचं चालायचं.

पिकअपला मागचे टायर त्याच्याकडून बसवून घेतले तेव्हा मी विचारलं होतं, "जुना स्टॉक तं नाही ना?"

"टायर हाय भाऊ, दूध नोहे नासाले! थर पाहा याचे. हत्ती बसवा."

"हत्ती तुह्याच दुकानात आणून बसवतो," मी म्हणालो. दोघंही हसलो.

ऐन उन्हात, किन्हीराजा गावाजवळ, त्यातलाच एक फुटला. गाडी शेतात गेली. शेजारी बसलेल्या बायकोचा हात मोडला. चाक काढून पाहिलं, तर रबराला बारीक भेगा, आणि टायर कधी बनला ते सांगणारे आकडे आतल्या बाजूला. दुसऱ्या चाकाचेही आतच. आमची पाचवीतली धाकटी तो बनला तेव्हा रांगत होती, इतका जुना माल!

मी तडक दुकानात गेलो. तो पाठमोरा, फोनवर बोलत होता. "नाही नाही, मागच्या सालचा नोका पाठवू. यंदाचाच पाह्यजे. पोरीच्या स्कूटीले हाय."

वळला, मला पाहिलं, आणि फोन कानालाच राहिला.

"माही बायको नाही बसत काय रे गाडीत?" मी ओरडलो.

"भाऊ, बनावट खरंच..." एवढंच म्हणाला आणि स्टूल पुढे केलं. मी ते लाथेने उडवलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. नवा टायर हाताने ढकलत, भर रस्त्यातून. बायको म्हणाली, "घ्या त्याले आत." मी दार लावून घेतलं.

"भाऊ, यंदाचा हाय. पाहून तं घ्या," तो बाहेरून म्हणाला. बराच वेळ थांबला असावा.

पुढे दुकान बंद करून तो लेकीकडे राहायला गेला. टायर मात्र त्याने ठेवला तसाच अंगणातल्या कडुलिंबाला टेकून आहे. कंपनी नामी. मी अजून हात लावलेला नाही, आणि तो उन्हात जुना होत चालला आहे.