ब्रेमच्या चरित्रातलं एक वाक्य

समजा, तुम्हाला एका माणसाचा उपदेश लिहून घ्यायचा आहे. बसायला जागा नाही. चर्चच्या तिसऱ्या खांबाला पाठ टेकवून उभं राहायचं. डाव्या हातात फळी, फळीवर कागद, कमरपट्ट्याला दौत. जानेवारीत शाई गोठते, म्हणून दौत मधूनमधून काखेत धरायची. वर बोलणारा श्वास घ्यायलाही थांबत नाही. तुमचं एक वाक्य लिहून होईतो त्याची तीन बोलून होतात. तुम्ही काय कराल? जमेल तेवढं लिहाल, उरलेल्यासाठी कागदावर मोकळी जागा सोडाल, आणि घरी जाऊन सूप निवायच्या आत आठवून आठवून ती जागा भराल. घरातलं आणखी कुणी उपदेशाला आलेलं असेल, तर त्यालाही विचाराल.

दिबोल्ट रूटीने हे काम चौदा वर्षं केलं. वाल्डेनाऊच्या मोठ्या चर्चमधला मास्टर लिओनहार्ट ब्रेम बोलायचा आणि दिबोल्ट लिहायचा. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्याने ब्रेमचा मनापासून द्वेष केला. तरी एक रविवार चुकवला नाही. हा माणूस कधीतरी स्वतःच्याच शब्दांत अडकेल आणि तेव्हा आपण कागद घेऊन समोर असू, एवढ्या एका आशेवर तो खांबाशी उभा राहायचा.

ब्रेम अडकला नाही. सन १५३६च्या शरद ऋतूत तो तापाने मेला, अंथरुणात, डोक्याखाली चांगली पिसांची उशी घेऊन.

महिन्याभरात नगरसभेने ठरवलं, की ब्रेमची ओळख करून देणारं लहानसं पुस्तक छापायचं. बत्तीस पानं, साधी भाषा. गुराख्याचा हा मुलगा पोपचा पुजारी कसा झाला, मग ग्रीक शिकून मूळ शास्त्र वाचायला कसा लागला, आणि त्यातून त्याने काय शिकवलं. माणूस विश्वासाने तरतो, पैसे देऊन घेतलेल्या माफीपत्राने नाही. प्रभुभोजनाची भाकर ही आठवण आहे, मांस नव्हे. देवळातल्या रंगवलेल्या संतांपेक्षा दाराशी थंडीत कुडकुडणारा माणूस मोठा. हे सगळं शेतकऱ्याला कळेल असं लिहायचं होतं, आणि ब्रेमचं अक्षर वाचता येणारा माणूस गावात एकच होता.

"तूच लिही," गालूस म्हणाला. गालूस छापखान्याचा मालक. कारागिरांच्या संघातर्फे तो नगरसभेतही बसायचा. दिबोल्ट त्याच्याकडे आठवडाभर प्रुफं तपासायचा. "आणि तोंड असं करू नकोस. आंबलेला कोबी खाल्ल्यासारखं."

"लिहितो," दिबोल्ट म्हणाला. "सगळं लिहितो."

"सगळं नको. बत्तीस पानं."

दिबोल्टला बत्तीस पानं नकोच होती. त्याला एक वाक्य हवं होतं, आणि ते त्याने सोळाव्या पानावर घातलं. सन १५२५च्या वसंतात ब्रेम म्हणाला होता : "तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, असं मला शास्त्रात कुठेही आढळलं नाही." पुढे त्याने मत फिरवलं. पण दिबोल्टची धाकटी बहीण रेगुला फिरली नाही. तिने मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, नदीकाठच्या एका कोठारात, आणखी सहा जणांबरोबर. नगरसभेने ब्रेमचं मत मागितलं. ब्रेमने लिहून दिलं, की असे लोक ख्रिस्ती मंडळी फोडतात आणि त्यांना कायद्याप्रमाणे शिक्षा व्हावी. कायद्याप्रमाणे म्हणजे हातपाय बांधून नदीत. रेगुला चोवीस वर्षांची होती.

गावात आजही तिला अडाणी, हेकट म्हणत. ते वाक्य छापलं गेलं की कळणार होतं, की ती हेकट नव्हती. तिने फक्त ब्रेमचं ऐकलं होतं.

नगरसभेची एकच अट होती : ब्रेमच्या विधवेने पाहिल्याशिवाय कागदाला शाई लावायची नाही. अपोलोनियाबाई सोमवारी सकाळी छापखान्यात आल्या. एकेकाळी मठात जोगीण होत्या, तिथून बाहेर पडून त्यांनी उघडपणे लग्न केलं होतं, आणि तेव्हा गावाने मारलेले सगळे टोमणे त्यांनी जपून ठेवले असावेत, अशी त्यांची जीभ होती. काखेत कागदांचा गठ्ठा होता. ओला कागद रचून तयार होता. दुपारपर्यंत यंत्र चालू झालं नाही तर त्याला बुरशी धरली असती. शिशाच्या अक्षरांचे खिळे आठच पानांपुरते, तेही जुळवून फर्म्याच्या चौकटीत आवळलेले.

"सोळावं पान," बाई म्हणाल्या.

दिबोल्टने प्रूफ पुढे केलं.

"हे वाक्य काढ."

"का? खरं आहे म्हणून?"

"माझा नवरा मेलाय. त्याच्या तोंडात आता कुणीही काहीही कोंबेल."

"जिवंत होता तेव्हा तुमचा नवरा दुसऱ्यांची तोंडं बंद करायचा. नदीच्या पाण्याने."

गालूसने शाईचा कातडी गोळा खाली ठेवला. "अरे, सकाळची वेळ आहे…"

"बोलू दे त्याला," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं खांबाशी उभा राहून हा माझ्या नवऱ्याकडे बघायचा, कसाई डुकराकडे बघतो तसा. मी पहिल्या बाकावरून पाहायचे. उलट्या पायांच्या वेताळासारखा उभा असायचास, दिबोल्ट. उपदेश ऐकायला आला होतास की वजन करायला?"

"वजनच करत होतो. कमी भरलं."

"बरं. मग माझ्याकडचंही एक वजन बघ." त्यांनी गठ्ठ्यातून एक जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "तुझाच आहे. रविवारी लिहिलेले कागद तू दर मंगळवारी आमच्याकडे द्यायचास. हा १५२५चा."

दिबोल्टने ओळखला. त्याचंच घाईतलं, उजवीकडे कललेलं अक्षर. बाईंनी बोट ठेवलं. "वर काळी शाई, खाली काळी शाई. काजळीची, तू छापखान्यातून चर्चमध्ये न्यायचास ती. आणि मध्ये हे तुझं लाडकं वाक्य. हे तपकिरी का?"

दिबोल्ट कागदावर वाकला. तपकिरी शाई घरची होती. ओकच्या झाडावरच्या गाठी उकळून रेगुला करायची ती. वर्षा-दोन वर्षांत ती गंजल्यासारखी दिसायला लागायची.

"म्हणजे हे तू घरी लिहिलंस," बाई म्हणाल्या. "मोकळी सोडलेली जागा भरलीस."

"सगळेच भरतात. तशीच पद्धत आहे."

"पद्धत असेल. मला एवढंच सांग, हे तू तुझ्या कानांनी ऐकलंस?"

त्याला ते दुपारचं घर दिसलं. चुलीवर बार्लीचं सूप. रेगुलाही उपदेश ऐकून आलेली, पळीने सूप ढवळत उभी. तो म्हणाला होता, इथे बाप्तिस्म्याबद्दल काहीतरी बोलला, माझं सुटलं. आणि ती न वळताच म्हणाली होती, "अरे दादा, एवढं महत्त्वाचं तेच सुटलं तुझं? लिही." मग तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं. त्याला तेव्हा शंकाही आली नव्हती. तिची स्मरणशक्ती त्याच्यापेक्षा चांगली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पण त्याच सुमारास ती कोठारातल्या लोकांकडे जायला लागली होती. उपदेशाच्या आधीपासून की नंतर, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"आमच्यापैकी कुणीतरी ऐकलं होतं," तो म्हणाला.

"कुणीतरी!" बाई हसल्या. ते हसू ऐकून गालूसनेसुद्धा मान फिरवली. "हे बघ. बायबल आण. त्यावर हात ठेवून म्हण, की लिओनहार्ट ब्रेमच्या तोंडून हे शब्द मी, दिबोल्ट रूटीने, ऐकले. मी आत्ता सही करते. छाप मोठ्या अक्षरांत, लाल शाईत छाप."

बायबल फळीवरच होतं, दाखले तपासायला रोज लागायचं. दिबोल्टने ते घेतलं. हात ठेवला. चौदा वर्षं लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवणारा माणूस होता तो; न ऐकलेलं ऐकलं म्हणणं त्याच्या जिभेवर येईना. त्याने हात काढून घेतला.

"वाटलंच," बाई म्हणाल्या. पण त्या गेल्या नाहीत. प्रुफावर वाकून त्यांनी ते वाक्य आडव्या रेघेने खोडलं. मग तशाच वाकलेल्या असताना म्हणाल्या, "त्या जागी तिचं नाव घाल. रेगुला रूटी, दोरखंडवाल्याची मुलगी, बुडवली गेली, मास्टर ब्रेमच्या लेखी संमतीने. त्या कागदावर त्याची सही आहे. मी ती लपवणार नाही."

"मला तुमची मेहेरबानी नको."

"मेहेरबानी कसली? तुझ्यावर कोण करेल? खरं आहे म्हणून सांगतेय. तू कर किंवा नको करूस, दुपारी कागद नासेल तो गालूसचा." त्यांनी समासात सही केली आणि शाल ओढून निघून गेल्या.

दिबोल्टने स्वतःच्या हाताने फर्मा सैल केला. चिमट्याने एकेक खिळा उपसून ते वाक्य काढलं आणि बहिणीचं नाव उलट्या अक्षरांत जुळवलं. नाव छापलं जाणार होतं. एवढं त्याने नऊ वर्षांत कधी मागितलंही नव्हतं. तरी ते हेकट मुलीचंच नाव राहिलं, आणि ते देणारी ब्रेमची बायको. याचा त्याला असा संताप आला, की दोनदा चिमटा घसरला.

यंत्राचा दांडा ओढला जाऊ लागला. गालूस शाईचे गोळे फिरवत होता. दहा-बारा कागद झाल्यावर तो म्हणाला, "तू काढलंस ते वाक्य तिनेही म्हटलं होतं. सुनावणीत."

"कोणी?"

"रेगुलाने. मी बाकावर होतो ना. मास्टरकडे बोट करून म्हणाली, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं."

दिबोल्टने ओला कागद हातातच धरून ठेवला. "आणि हे तू आज सांगतोस?"

"सभेतलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ असते आम्हाला. आणि तू विचारलंस कधी? तुला फक्त भांडता येतं." गालूसने मान खाली घातली. "तिच्या शिक्षेसाठी मीही हात वर केला होता त्या दिवशी. तेही आता ऐकून घे."

"तुझ्या हाताचं नंतर बघू. ब्रेम काय म्हणाला?"

"काही नाही. टेबलाकडे बघत बसला."

दिबोल्टने कागद दोरीवर टाकला आणि तसाच बाहेर पडला, शाईचे हात, डोक्यावर टोपी नाही. मासळीबाजारात कुणीतरी त्याला हाक मारली, ती त्याला ऐकूही आली नाही. ब्रेमच्या घराचं दार आतून लावलेलं होतं. त्याने मुठीने ठोकलं. वरची खिडकी उघडली.

"आता काय राहिलं तुझं?" अपोलोनियाबाई म्हणाल्या. "नाव दिलं ना?"

"नाव राहू दे." त्याला धाप लागली होती. "ते वाक्य तुमचा नवरा बोललाच नसेल, तर रेगुला भर सभेत त्याच्या तोंडावर तसं म्हणाली तेव्हा तो 'मी बोललो नाही' असं का म्हणाला नाही?"