दोनावर एकोणचाळीस शून्यं

निवृत्तीच्या दिवशी चौघांनी माझ्या एका पाठाचं तोंड भरून कौतुक केलं आणि मी गळ्यात हार घालून नुसता हसत बसलो. तो पाठ माझा नव्हता — हे तेव्हाही बोललो नाही, त्याआधीही नाही, घरी बायकोजवळसुद्धा नाही. आज तुमच्याजवळ बोलतोय. कुठून सुरू करावं, तेच कळत नाही.

आधी हे सांगतो, की मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चिंचवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि विज्ञान म्हणजे सगळंच विज्ञान! पानाफुलांत मी राजा. पण विजेचं प्रकरण आलं, की आदल्या दिवशी घोकून वर्गात जायचो. शिवाय दर रविवारी सकाळी कामगारांचा वर्ग असायचा. कंपन्यांतली मंडळी मॅट्रिकला बाहेरून बसायची, त्यांना शिकवायचं. मी चोवीस वर्षांचा, समोर तिशी-पस्तिशीचे बाप्ये, आणि सगळे मला सर म्हणायचे. काय सांगू, फार बरं वाटायचं.

त्यांत रशीदभाई होते. निघोजे गावचे, पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर. सायकल हाणत यायचे, पहिल्या बाकावर बसायचे. मॅट्रिक झाले की सुपरवायझर होणार होते. माणूस फार गोड, पण प्रश्न विचारायचा — आणि मला प्रश्नांचीच धास्ती!

एका रविवारी अणू शिकवताना मी रंगात आलो. सूर्याभोवती ग्रह, तसे प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन, असं सांगितलं. तिथंच थांबायचं ना? पण नाही — पुढं ठोकून दिलं, की ग्रहांना गुरुत्वाकर्षण धरून ठेवतं, तसंच इलेक्ट्रॉनलाही तेच.

पुढच्या रविवारी रशीदभाईंनी वही पुढं केली. पुस्तकामागची कोष्टकं घेऊन त्यांनी दोन्ही बळं मांडली होती — वस्तुमानामुळे दोघांत किती ओढ, आणि विद्युतभारामुळे किती — आणि एकाला दुसऱ्यानं भागलं होतं. विजेचं बळ किती पट मोठं? दोनावर एकोणचाळीस शून्यं. सगळी शून्यं मोजून लिहिलेली, दीड ओळ भरून.

"सर, येवढ्याशा ग्रॅव्हिटीनं इलेक्ट्रॉन कसा काय थांबंल?" ते म्हणाले. "काय तरी चुकलं आसंल माझं. बघा की जरा."

मी पाहिलं, आणि क्षणात उमगलं — चुकलं ते माझं. पण तीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"अंतर कुठाय?" मी दरडावलं. "दोघांमधलं अंतर धरल्याशिवाय बळ निघतं का?"

"अंतराचा वर्ग दोन्हीकडं सारखाच हाय, सर. भागल्यावर उडतोय."

हे इतकं साधं आणि इतकं सुंदर होतं, की मला घाम फुटला. ते दोन कण जवळ आणा, नाहीतर चंद्राइतके लांब न्या — पट तीच! मी लाल पेन काढलं आणि पानभर फुली मारली. आधी सूत्रं नीट पाठ करा, म्हणालो. मागं कुणीतरी हसलं.

रशीदभाईही हसले, आणि वही मिटली. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यापुढच्याही नाही. त्यांच्या कंपनीतल्या एकानं सांगितलं — "ते म्हणत्यात, आपल्या डोक्याला सायन्स झेपत न्हाई." परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरलाच नाही. निघोज्यापर्यंत सायकलनं दीड तासाची वाट होती. गेलो का मी? नाही गेलो.

उलट काय केलं, ते ऐका. त्याच वर्षी शाळेत तपासणीला साहेब आले, आणि मी नेमका तोच पाठ घेतला — रशीदभाईंचा. एकेका मुलाला पुढं बोलावून शून्य काढायला लावलं. फळा भरला, शून्यं भिंतीवर गेली, शेवटचं दारावर पडलं. वर्ग हसून हसून बेजार! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, माझी नोकरी कायम झाली. मग दरवर्षी तोच पाठ, तोच हशा. मुलं मला 'शून्यसर' म्हणायला लागली, आणि — खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं.

आठेक वर्षांनी हजेरीपटावर नसरीन नावाच्या मुलीपुढं वडील म्हणून रशीदभाईंचं नाव वाचलं आणि पट घाईनं मिटला. त्या वर्षी तरी पाठ टाळायचा की नाही? पण मुलं मागं लागली, आणि मी घेतला. दारावरचं शून्य नसरीननंच काढलं.

दहावीला ती विज्ञानात शाळेत पहिली आली. रशीदभाई मला जेवायला बोलवायला स्वतः आले. दिघीत घर केलं होतं, शेजारीच पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे दोन लेथ. केस पिकलेले, हसू तेच. दुपारी पंगत बसली, मला मानाची जागा.

"सर, पोरीनं तुमचा शून्यांचा धडा घरी करून दाखवला. सगळी भिंत घाण केली!" ते खो खो हसले. मग मला वाढता वाढता म्हणाले, "मीबी तवा आसलंच काय तरी मांडलं हुतं, न्हाई का? वही कुठं गेली कुणास ठाऊक. माझं चुकलं कुठं हुतं हो, सर?"

विचारण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नसरीन हातातला तांब्या तसाच धरून माझ्याकडे बघत होती. याहून सोपी वेळ कुणाला कधी मिळते?

"पायरी गाळली होती तुम्ही," मी म्हणालो. "अंतर का उडतं, ते लिहिलं नव्हतं."

"तरीच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. कितीतरी वर्षांचं कोडं सुटल्यासारखा चेहरा उजळला. "ऐकलंस का नसरीन? पायरी गाळायची न्हाई!" आणि माझ्या ताटात आणखी बिर्याणी वाढली. मी खाल्ली. चांगली झाली होती.

पायरी लिहिलेली होती. शून्यांच्या बरोबर वर, ठळक अक्षरात, खाली रेघ ओढून. माझी फुली तिच्यावरूनच गेली होती.